तापीचा काठ आणि दातांची तार

मे महिना लागला की जळगावातल्या दातांच्या दवाखान्यांत दहा-बारा-चौदा वर्षांची पोरं आईबापांसोबत रांगेने बसलेली दिसतात. शाळेला सुट्टी असते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्यांनी कुणाच्या तरी दातांवरून विषय काढलेला असतो. त्यात हल्ली मोबाईल उघडला की 'घरबसल्या सहा महिन्यांत सरळ दात' ही जाहिरात आलीच म्हणून समजा.

आमच्या घरी, अमळनेरला, काही वर्षांपूर्वी हेच झालं. बहीण माझ्या लेकीकडे बघून म्हणाली, "इन्ना दात वाकडा शेतस भाऊ, तार लाई ल्या." त्यावर आई आतून ओरडली, "काही नको. वरनी दाढ काढी का डोया जातस." म्हणजे वरची दाढ काढली की डोळे जातात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी दोघींपैकी एकीलाही धड उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं दर महिन्याला लेकीला घेऊन पॅसेंजरने जळगावला गेलो आणि दर खेपेला डॉक्टर मॅडमना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय.

## दात हाडात ठोकलेला नसतो

आपली समजूत अशी की भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. तसा असता तर तारेने तो जागचा हललाच नसता. प्रत्यक्षात दाताचं मूळ आणि हाड एकमेकांना टेकत नाहीत. मधे साधारण 0.2 मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत असंख्य बारीक तंतू आडवे-तिरपे ताणलेले असतात. सुतळीने विणलेल्या बाजेवर माणूस तोललेला असतो, तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. फुटाणा चावताना तो किंचित दबतो आणि परत वर येतो.

तार काय करते, तर दाताला एका दिशेने हलकंसं पण सतत ढकलत राहते. दात जिकडे सरकू पाहतो तिकडचे तंतू चेपतात, पाठीमागचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि तिथलं हाड हळूहळू विरघळवतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि मोकळी झालेली जागा नव्या हाडाने भरत जातात.

माझ्या मामांचं शेत तापीच्या काठाला आहे. वळणावर नदी एक काठ कापते आणि समोरच्या काठाला गाळ टाकते. एका पावसाळ्यात फरक कळत नाही, पण मामा लहानपणी जिथे पोहायला उतरायचे तिथे आज गाळपेरा होतो. पात्राची रुंदी तेवढीच राहिली, पात्र मात्र सरकलं. दाताची खोबण अशीच सरकते, आणि दात तिच्यासोबत जातो. वेग महिन्याला सुमारे 1 मिलिमीटर. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात.

"मग जरा जास्त आवळा ना, लवकर उरकेल," असं मी दुसऱ्याच खेपेला म्हणालो होतो. मॅडम हसल्या. "भाऊ, जास्त दाबलं तर तिथलं रक्तच थांबतं. रक्त नाही तर पेशी येणार कुठून?" जोर वाढवला की दात पळत नाही, उलट जागीच अडतो आणि दुखतो. शिवाय मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. हे झिजणं थोडंफार बऱ्याच जणांत होतं आणि बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही, पण क्वचित जास्त झिजतं. म्हणून उपचाराच्या मधे एक्स-रे काढायला सांगितला तर 'पैसे काढायचे धंदे' म्हणून टाळू नये.

ही हाडाची उलथापालथ आयुष्यभर चालू शकते, त्यामुळे चाळिशीतल्या माणसालाही तार लावता येते. अट एकच, हिरड्या सुजलेल्या किंवा दात खिळखिळे असतील तर आधी त्यांचा इलाज.

दातावर चिकटवतात त्या चौकोनी तुकड्याला ब्रॅकेट म्हणतात. पूर्वी प्रत्येक दाताभोवती पत्र्याची कडी बसवावी लागे. 1955 साली बुओनोकोर या दंतवैद्याने दाखवलं की आम्लाने दाताचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केला तर त्यावर चिकटद्रव्य घट्ट बसतं, आणि पुढे कड्यांची जागा ब्रॅकेटांनी घेतली. सुरुवातीची तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते. वाकवली तरी आपला मूळ आकार धरायला बघते, आणि त्या धडपडीत दाताला सोबत नेते. दर महिन्याला 'तार आवळतात' असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तार नुसती बदलतात.

## 'दुधाचा आहे, पडेलच'

मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला तो या वाक्याचा.

दुधाचे दात 20 असतात, पक्के 32. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते आणि ती गुपचूप येते. कुठलाही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे. दात पडला नाही म्हणजे आलेली दाढही दुधाचीच, असं घरातले धरून चालतात. तिला कीड लागली तरी 'पडेलच' म्हणतात. ती पडत नाही. ती म्हातारपणापर्यंत पुरवायची असते. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने 1899 मध्ये वेड्यावाकड्या दातांचे प्रकार पाडले, ते वरची आणि खालची हीच दाढ एकमेकींवर कशी बसते ते पाहून. जगभर आजही तीच वर्गवारी शिकवतात.

दुधाचे दातही नुसते तात्पुरते भाडेकरू नसतात. खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा ते धरून ठेवतात. किडून वेळेआधी काढावा लागला की शेजारचे दात त्या जागेत कलतात. आमच्या लेकीची एक दुधाची दाढ आठव्या वर्षीच गेली होती. त्या जागी जागा राखणारी छोटी कडी बसवता येते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

उलट बाजूची एक घाईही असते. सात-आठ वर्षांच्या पोराच्या वरच्या पुढच्या दातांत फट दिसते, दात फाकलेले वाटतात. बहुतेकांत ती फट अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे उतरले की आपोआप मिटते. तेव्हा सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून यावं. दाखवणं म्हणजे तार लावणं नव्हे. अंगठा चोखणं सुटत नसेल, पोरगं तोंड उघडं टाकून श्वास घेत झोपत असेल, किंवा खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर मात्र लवकर गेलेलं बरं.

आणि जायचं कुणाकडे? ऑर्थोडॉन्टिस्टकडे. बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर तीन वर्षांचं एमडीएस दात सरळ करण्याच्या विषयात केलेला डॉक्टर. आमच्या गल्लीत 'ऑर्थो' म्हटलं की लोक हाडवैद्याचा पत्ता सांगतात, तेवढं सांभाळा.

## 'चांगले दात काढतात, हा कसला इलाज?'

एसटीच्या तिघांच्या सीटवर चौथा बसला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तो अर्धा बाहेर लटकतो. तोंडात हा चौथा बहुधा वरचा सुळा असतो. तो उशिरा येतो, तोवर सीट भरलेली. मग तो वरच्या वरच, हिरडीत उंच, बाहेर डोकावतो.

जागा करायचे मार्ग तीन-चार आहेत. वाढत्या वयात टाळू रुंद करता येतो, दातांच्या कडा केसभर घासता येतात, मागच्या दाढा थोड्या मागे नेता येतात. एवढ्याने भागलं नाही तर सुळ्यामागची उपदाढ काढतात, बहुधा दोन्ही बाजूंची. ही जागा नंतर रिकामी राहत नाही, पुढचे दात तिच्यात सरकतात. यावरचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अँगलचं म्हणणं होतं की एकही दात काढायचा नाही. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा पुढे आलेले पाहिले, तेव्हा त्याने उपदाढा काढून त्यांच्यावर नव्याने उपचार केले. आज सरसकट काढणारा आणि सरसकट न काढणारा, दोघांबद्दलही मला शंका येते. आपल्या पोराच्या बाबतीत का काढायचा, हे डॉक्टरांनी साचा किंवा एक्स-रे समोर ठेवून दाखवावं, एवढी मागणी रास्त आहे. पटलं नाही तर दुसऱ्याचं मत घ्यावं.

आता आईचे डोळे. नजर मेंदूपर्यंत नेणारी नस वेगळी आणि दातांची संवेदना नेणारी वेगळी. वरची दाढ काढल्याने नजर जायचा संबंध नाही. पण या समजुतीला कारणं आहेत. चेहऱ्याच्या संवेदनेची जी मोठी नस आहे तिची एक फांदी वरच्या दातांकडे जाते आणि दुसरी डोळ्याच्या बाजूला. म्हणून वरची दाढ ठणकली की दुखणं डोळ्यामागे जाणवतं. आणि दाढा काढायचं वय व चष्म्याचा, मोतीबिंदूचा काळ साधारण एकच. आईने स्वतःची दाढ काढली आणि वर्षभरात मोतीबिंदू निघाला, त्याचा ठपका बिचाऱ्या दाढेवर बसला. मी तिला हे दोन-तीनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं, एवढंच.

## वेफर वाईट, भरीत चांगलं

तार लागली त्या दिवशी खाण्याची यादी मिळाली. ती बहुधा शहरातल्यांसाठी छापलेली होती: पिझ्झाची कड नको, पॉपकॉर्न नको. आमच्याकडचं त्यात काहीच नव्हतं, म्हणून आम्ही आमची यादी केली.

ऊस दातांनी सोलणं बंद. हे आम्ही पहिल्याच संक्रांतीला एक ब्रॅकेट घालवून शिकलो. ते तारेवर मण्यासारखं फिरत होतं आणि पोरगी हसावं की रडावं या पेचात. कणीस दाण्यांनी काढून खायचं. चिंचोके, फुटाणे, बर्फाचे तुकडे नकोत. पेरू कापून. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, तेव्हा मऊ खिचडी, आणि हिवाळा असेल तर भरतासारखं दुसरं पथ्य नाही. बामणोदच्या वांग्याचं भरीत बिनदाताच्या माणसालाही चालतं. फक्त त्यातली कांद्याची पात ब्रॅकेटमधे अशी अडकते की जेवून उठल्यावर आरशासमोर पाच मिनिटं जातात.

खरा शत्रू निघाले केळीचे वेफर. खारट म्हणून आपण त्यांना दाताच्या दृष्टीने निरुपद्रवी समजतो. पण चावल्यावर त्यांचा लगदा होतो, तो दातांच्या खाचांत आणि ब्रॅकेटभोवती लेपासारखा बसतो आणि तासभर हलत नाही.

लगदा राहिला तर बिघडतं काय? आपल्या दातांवर सतत एक चिकट थर तयार होत असतो. तो जंतूंचा असतो. त्यांना साखर किंवा पिठूळ अन्न मिळालं की ते आम्ल सोडतात. आम्लता मोजायच्या पट्टीवर, म्हणजे पीएचवर, आकडा 5.5 च्या आसपास खाली आला की दाताच्या कडक कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, गेलेलं थोडं कॅल्शियम परत बसवते. याला अर्धा तास ते तास लागतो. दिवसातून तीन-चारदा हे झालं तर लाळ पुरी पडते. पण सकाळी चहा-बिस्कीट, दहाला चहा, बाराला वेफर, मधेच गोळी, परत चहा असं चाललं तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. पुरणाचे मांडे पोटभर खा, पण जेवणातच.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो, तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते. आणि त्याच दिवसांत आपण दर तासाला रंगीत सोडा पितो, तोही आधीच आंबट. तहानेला माठातलं पाणी आणि ताक असताना हा उद्योग का करावा?

## गुलाबी गोळी

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी लेकीला विचारलं, "ब्रश करतेस ना?" ती म्हणाली, दोनदा. त्यांनी एक गुलाबी गोळी चघळायला दिली, चूळ भरायला लावली आणि हातात आरसा दिला. दातांच्या मधल्या भागाला रंग नव्हता. हिरडीलगत आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या कडेला मात्र गडद गुलाबी रेघा. जिथे जिथे जंतूंचा थर शिल्लक होता तिथे रंग चढला होता. दोन वर्षं लेक्चर देऊन जे झालं नसतं ते त्या एका आरशाने केलं.

हा थर तसाच राहिला तर तार निघाल्यावर दातावर ब्रॅकेटच्या आकाराची खडूसारखी पांढरी चौकट दिसते. ती कीड लागण्याची पहिली पायरी. कवचात जिवंत पेशी नसतात, म्हणून ते हाडासारखं पुन्हा वाढत नाही. सुरुवातीचा डाग लाळ आणि पेस्टमधलं फ्लोराइड मिळून काही अंशी भरून काढतात, खड्डा पडला की मग सिमेंट.

ब्रश मऊ हवा. आधी तो हिरडीकडे तिरपा धरून वरच्या कडेने, मग ब्रॅकेटच्या खालच्या कडेने, आणि तारेखालून बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा बारीक ब्रश. एरवी दोन मिनिटं पुरतात, तारेवर पाच लागतात. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. पेस्ट फ्लोराइडची, आणि थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नयेत, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्यावं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी पेस्ट बस.

इथे एकजण हमखास विचारतो, फ्लोराइडने दात पिवळे पडतात ना? पडतात, पण ते बोअरच्या पाण्यात वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर, तेही दात तयार होत असतानाच्या वयात. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापुढे त्रास सुरू होतो. थुंकून टाकलेल्या पेस्टचा तो दोष नव्हे. गावच्या बोअरबद्दल शंका असेल तर पाणी तपासून घ्या.

## दातण, राखुंडी आणि मिश्री

कडुलिंबाच्या दातणाला मी नावं ठेवणार नाही. काडी चावून केलेला कुंचला पुढचे दात साफ करतो. पण तो मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला पोचत नाही आणि तारेखाली तर अजिबात नाही. राखुंडी, विटेची पूड, नुसतं मीठ यांनी दात तात्पुरता पांढरा दिसतो कारण वरचं कवच घासलं जातं. काही वर्षांनी आतला पिवळा भाग दिसू लागतो आणि गार पाण्याने झिणझिण्या येतात.

मिश्रीचं वेगळं आहे. ती भाजून कुटलेली तंबाखू आहे. ती हिरडीला लावली की निकोटिन तिथूनच रक्तात जातं, म्हणून 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' असं बायका म्हणतात ते खोटं नाही, पण ती सवयीची लक्षणं आहेत. बिनधुराची तंबाखू माणसात कर्करोग करते हे जागतिक पातळीवर पक्कं झालेलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मिश्रीला मात्र घरात दातांचं औषध म्हणून मान. तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण डॉक्टरांकडून काढून घेणं, केलं की दात हलतात, हीही एक तक्रार. दगडासारखं किटण दातांच्या फटीत बसून त्यांना टेकू देत असतं. त्याच किटणाखाली हिरडी आणि हाड खाल्लं गेलेलं असतं. किटण काढल्यावर आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं.

## जाहिरातीतले पारदर्शक साचे

अलायनर म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा, प्रत्येक साचा थोडा पुढे नेणारा. आत हाडाचं काम तेच, काठ कापणं आणि गाळ टाकणं. साध्या वाकडेपणाला ते उत्तम चालतात, जेवताना-ब्रश करताना काढता येतात. पण दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात हवेत. डब्यात ठेवलेला साचा काही करत नाही, आणि तेरा वर्षांच्या पोराच्या शिस्तीवर किती पैसे लावायचे हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझा आक्षेप 'घरबसल्या' या शब्दाला आहे. स्वतःच्या हाताने घेतलेल्या ठशात किंवा मोबाईलच्या फोटोत मूळ दिसत नाही, हाड दिसत नाही, अडकलेला सुळा दिसत नाही. अमेरिकेत अशी टपालाने साचे पाठवणारी एक मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्धवट राहिलेल्यांनी जायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. डॉक्टर समोर बसून तपासणार असेल तर अलायनर घ्या, नाहीतर आपली धातूची तार बरी.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला धातूच्या तारेला पस्तीस हजार लागले, हप्त्याने दिले. हात आखडता असेल तर दंत महाविद्यालयात जाऊन यावं. धुळ्याला आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे. तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. पैसे कमी, फेऱ्या आणि थांबणं जास्त.

## तार निघाली, मग आता काय?

तार निघाली त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो होतो. मॅडमनी पेढा घेतला आणि लेकीच्या हातात एक निळी डबी ठेवली. आत रिटेनर, म्हणजे दात आहे तिथे धरून ठेवणारा साचा.

ताज्या गाळाची जमीन लगेच नांगरता येत नाही. दाताभोवतीचं नवं हाड काही महिने कच्चं असतं, आणि हिरडीतले तंतू तर वर्षभर ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने रिटेनर जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री. किती वर्षं, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "सरळ दात किती वर्षं हवेत?"

पहिलं रिटेनर मे महिन्यातच गेलं. क्लासला जाताना लेकीने ते काढून स्कूटीच्या डिक्कीत ठेवलं. दुपारी आणलं तेव्हा एका बाजूला पन्हळीसारखं वाकलेलं होतं. गरम पाण्यानेही असंच होतं, म्हणून साध्या पाण्याने आणि ब्रशाने धुवायचं. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळून ठेवलं तर ते उष्ट्यासोबत जातं.

चार-पाच रात्री घालायचं राहिलं आणि परत घालताना घट्ट वाटलं, तर दात सरकायला लागलेत असं समजावं आणि काही दिवस जास्त तास घालावं. मुळी बसतच नसेल तर दाबून बसवू नये. तसंच डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावं, आणि शक्यतो त्याच आठवड्यात.